दुसऱ्याचा डबा

डोंबिवली पूर्वेला, स्टेशनपासून रिक्षाने दहा मिनिटांवर, एका सोसायटीच्या तिसऱ्या मजल्यावर चार माणसांचं एक घर आहे. सुषमा मुंबईतल्या एका सार्वजनिक रुग्णालयात परिचारिका. सकाळची ड्यूटी सातची, म्हणजे पाचला घर सोडलंच पाहिजे. तिचा नवरा विलास अंबरनाथच्या एमआयडीसीतल्या एका कारखान्यात स्टोअर सांभाळतो. त्याची कंपनीची बस पावणेआठला येते. मुलगा ओंकार बारावीला, त्याचा क्लास साडेसहाला. आणि विलासची आई, मूळची साताऱ्याकडच्या माण तालुक्यातली. तिला ओंकारबरोबर सगळी सोसायटीच आजी म्हणते.

या घराची सकाळ चारला सुरू व्हायची आणि ती एकट्या सुषमाची असायची. कणीक, भाजी, दोन डबे, आजींना मऊ काहीतरी, विलाससाठी पोहे नाहीतर उपमा झाकून ठेवलेला, ओंकारचं दूध. तिच्या वाट्याला ओट्याशी उभ्याने घेतलेला चहा. त्यात एखादं बिस्कीट बुडवायला सवड मिळाली तर मिळाली. मग जिना उतरून धावायचं. पुढे साडेदहाला वॉर्डातला राउंड संपला की पुन्हा चहाच.

अशी वर्षंच्या वर्षं निघून जातात आणि कुणाला त्यात काही वावगंही वाटत नाही. मार्चमधल्या एका सकाळी रात्रपाळीच्या सिस्टरकडून चार्ज घेताना सुषमा औषधांच्या कपाटाला धरून खाली बसली. डोळ्यांपुढे अंधार, तळव्यांना घाम. डॉक्टरांनी रक्त तपासायला लावलं. हिमोग्लोबिन ९.१ निघालं, बायकांना ते निदान १२ असावं लागतं. उपाशीपोटीची साखर ११२. ती १०० च्या आत हवी, १२६ पासून पुढे मधुमेह धरतात. लोहाच्या गोळ्या सुरू झाल्या आणि डॉक्टरांनी तिला आहारतज्ज्ञ मॅडमकडे पाठवलं. दोघींची चांगली ओळख होती.

"रात्री किती वाजता जेवतेस?"

"नऊला."

"आणि नंतर धड जेवण?"

"दोनला. ड्यूटी सुटताना डबा खाते."

"सतरा तास झाले, सुषमा."

"मध्ये चहा असतो ना."

"चहाने भूक मरते, पोट भरत नाही. शिवाय खाण्याबरोबर चहा घेतलास की अन्नातलं लोहही अंगी लागत नाही. गोळी आणि चहा यांच्यात तरी तासाभराचं अंतर ठेव."

सकाळी गॅससमोर उभं राहायला हिला वेळ नाही हे मॅडमना ठाऊक होतं, म्हणून त्यांनी रात्री भिजवायच्या ओट्सची रीत सांगितली. अर्धा कप, म्हणजे साधारण ४० ग्रॅम रोल्ड ओट्स. त्याच्या दुपटीला थोडं कमी दूध, नाहीतर दूध आणि दही मिळून. चमचाभर जवसाची किंवा बदामाची पूड. झाकण घट्ट लावून रात्रभर फ्रिजच्या मधल्या कप्प्यात. दारातल्या कप्प्यात नको, तिथे गारवा टिकत नाही. दोन मिनिटांत शिजणारे बारीक ओट्स घेतलेस तर सकाळी लगदा होईल. केळं रात्री चिरून ठेवू नको, काळं पडतं. लिंबू पिळ, त्याने लोह शोषायला मदत होते. आणि डबा फ्रिजबाहेर काढलास की दोन तासांच्या आत संपव, आपल्याकडचा उन्हाळा दूध-दह्याला दया दाखवत नाही.

"मोबाइलवर बघितलंय मी असलं काही," सुषमा म्हणाली.

"मोबाइलच्या कितीतरी आधीचं आहे ते. झुरिकला मॅक्स बिर्चर-बेन्नर नावाचे डॉक्टर होते. १९०४ मध्ये त्यांनी तिथल्या टेकडीवर आरोग्यगृह काढलं. तिथे रुग्णांना हेच द्यायचे. चमचाभर ओट्स बारा तास पाण्यात भिजवायचे, त्यात सफरचंद सालासकट किसायचं, लिंबाचा रस, थोडं आटीव दूध, वरून बदामाचा कीस. त्यांची सगळी मतं आज कुणी मानत नाही, पण हा पदार्थ जगभर गेला." मॅडम जरा थांबल्या. "एवढं मात्र लक्षात घे. झुरिकच्या त्या रुग्णांपुढे वाडगा आणून ठेवायला माणसं होती. तुझ्यापुढे कोण आणून ठेवणार आहे?"

"मीच," सुषमा हसून म्हणाली आणि वॉर्डाकडे गेली.

त्याच आठवड्यात तिने ओट्सचं मोठं पाकीट आणि घट्ट झाकणाच्या चार बरण्या आणल्या. एकटीसाठी करायचं तिच्या मनातही आलं नाही. करायचं तर सगळ्यांचं. ओंकारला केळं आणि शेंगदाण्याचं कूट, विलासला बदाम, आजींना खजूर बारीक करून, आणि उरलेल्याची चौथी बरणी तिची. रात्री जेवणं झाली, भांडी झाली, उद्याची भाजी निवडून झाली, की दहाच्या पुढे बरण्या मांडायच्या. ओट्यावर चार बरण्या ओळीने लावून तिने फोटोही काढला, मैत्रिणींना पाठवला. सगळ्यांनी वाहवा केली.

विलास खूश होता. सकाळी फ्रिज उघडला की नाश्ता तयार. "बघ, किती सोपं झालं तुझं," तो म्हणायचा आणि त्याला ते मनापासून वाटायचं.

सकाळचा अर्धा तास वाचत होता हे खरंच. पण तो रात्रीच्या झोपेतून कापलेला होता. 'आधी करून ठेवा' या सल्ल्यातली ही गोम कुणी बोलून दाखवत नाही. काम आदल्या रात्री केलं म्हणून ते कमी होत नाही, फक्त त्याची वेळ बदलते. आणि करणारे हात तेच राहिले, तर त्या हातांना आणखी उशिरापर्यंत जागावं लागतं. सुषमा पूर्वी साडेदहाला आडवी व्हायची, आता साडेअकरा वाजू लागले. उठायची वेळ चारची साडेचार झाली. हिशेब मांडला तर ती अर्ध्या तासाने तोट्यातच होती, पण घरात तो हिशेब मांडणारं कुणी नव्हतं.

आजी मात्र पाहत होत्या. त्यांना झोप कमी. पहाटे त्या दिवाणावर पडल्या पडल्या सुनेची लगबग ऐकायच्या. सुषमा विलासची बरणी पुढच्या बाजूला आणून ठेवायची, ओंकारच्या ओट्सवर केळं चिरायची, सासूबाईंची वाटी झाकायची. मग दोन खांद्यांवर दोन पिशव्या, छत्री, किल्ल्या, मोबाइल. दार ओढलं जायचं. आणि फ्रिजच्या मागच्या कोपऱ्यात चौथी बरणी तशीच.

एका रविवारी आजींनी ती बरणी बाहेर काढली. झाकण उघडल्याबरोबर आंबूस वास सगळ्या खोलीत पसरला. विलास पेपर वाचत होता, ओंकार मोबाइलमध्ये होता, सुषमा गॅलरीत कपडे वाळत घालत होती. आजींनी बरणी टेबलाच्या मधोमध ठेवली.

"ह्यो कुणाचा?"

"आईचा," ओंकार नाक मुरडत म्हणाला.

"मग हितं का?"

"विसरली असेल."

"इसरली न्हाय. उचलायला हात मोकळा न्हवता तिचा." आजी खुर्चीवर बसल्या. "चार दिस हाय ह्यो हितं. तुमी रोज फ्रिज उघडता, आपापली बरणी उचलता. ही चौथी कुनाच्याच डोळ्याला दिसली न्हाय?"

कुणी काही बोललं नाही. सुषमा आत आली, बरणी पाहून ओशाळली, उचलायला पुढे झाली. आजींनी तिचा हात धरला. "ऱ्हाऊ दे. त्यास्नी बघू दे."

विलास भला माणूस. त्याने लगेच तोड काढली. "ठीक आहे. उद्यापासून ज्याने त्याने आपापलं भिजवायचं. सुषमाला त्रास नको."

आजच्या काळाला हे उत्तर पटण्यासारखं आहे, बहुतेक घरं इथेच थांबतात. आजींना ते पटलं नाही.

"आपापलं? मग ही काय करंल? तुमचं सांडलं-लवंडलं पुसंल, ओट्स संपलं का बघंल, पोराचं ऱ्हायलं तर हळूच भरून ठेवंल, आन् सगळ्यात शेवटी आपलं. न्हायतर न्हाईच. आपापल्याचं नाव, काम तिचंच."

मग त्यांनी बहात्तरच्या दुष्काळातली गोष्ट सांगितली. पोरांनी ती तुकड्यातुकड्याने ऐकलेली होती, पण हा तुकडा नवा होता. १९७२ मध्ये आजी सोळा वर्षांच्या होत्या. माणदेशात पीक नव्हतं, गुरांना चारा नव्हता. सरकारने रस्त्यांची आणि तलावांची कामं काढली होती आणि घरातली सगळी खडी फोडायला जायची. दिवस उगवायच्या आत कामावर हजर व्हावं लागे. पोटात काही नसेल तर अकरा वाजेतो हातोडा उचलवत नसे. म्हणून रात्री ज्वारीचं पीठ पातळ ताकात कालवून ठेवायचं, पहाटे त्याला एक कढ द्यायचा, मीठ टाकायचं आणि आंबील पिऊन निघायचं.

"पीठ कालवायचं काम कुणाचं? तर जो कामावरनं आधी घरी पोचंल त्याचं. माझा थोरला भाऊ आधी यायचा, मग त्यानं कालवायचं. मोजायचं कसं, तर आपला सोडून बाकी सगळ्यांचा वाटा. त्याचा वाटा आमी मोजायचो. आई म्हनायची, सोताचा मोजताना हात एक तर आखडतो, न्हायतर सैल सुटतो. दुसऱ्याचा मोजताना नीट चालतो."

त्या दिवशी घरात नियम ठरला. आपला डबा आपण भरायचा नाही, दुसऱ्याचा भरायचा. सुषमाने ओंकारचा, ओंकारने आजींचा, आजींनी विलासचा आणि विलासने सुषमाचा.

आजींचं काम सर्वांत लवकर रुळलं. विलासचं वाईट कोलेस्टेरॉल वाढलेलं होतं, डॉक्टरांनी तूप-तळण आवरायला सांगितलं होतं. आजी त्याच्या ओट्समध्ये जवसाची पूड घालत, सफरचंद किसून वर लिंबू पिळत, साखरेला हात लावत नसत. सकाळी बरणी ढवळताना एकदा त्या म्हणाल्या, "भेंडीवानी तार सुटती रं ह्याला." ओंकारने शोधून सांगितलं की औषध त्या तारेतच आहे. बीटा-ग्लुकन नावाचा तो तंतू. रोज ३ ग्रॅम पोटात गेला तर वाईट कोलेस्टेरॉल थोडं खाली येतं, आणि अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने ओट्सच्या पाकिटांवर तसं छापायची परवानगी १९९७ मध्ये दिली. ४० ग्रॅम ओट्समधून त्यातला निम्मा मिळतो. "मग निम्म्यावर काय व्हतंय?" म्हणून आजींनी संध्याकाळच्या भाकरीच्या पिठात ओट्सचं पीठ मिसळायला सुरुवात केली. बरण्या कुठल्या, भाकरी कुठली, पण आजींच्या डोक्यात ते एकच काम होतं.

ओंकारने पहिला आठवडा उत्साहाने केलं, मग एका रात्री अभ्यास करता करता झोपला. आजींची वाटी भिजलीच नाही. पहाटे सुषमाच्या ते लक्षात आलं आणि तिचा हात सवयीने ओट्सच्या डब्याकडे गेला.

"हात लावू नको," अंधारातून आजींचा आवाज आला.

"आई, तुम्हाला गोळी घ्यायची असते खाऊन."

"घीन. तू जा, गाडी चुकंल."

क्लास सुटून ओंकार साडेनऊला घरी आला तेव्हा आजी टेबलाशी बसल्या होत्या. समोर रक्तदाबाची गोळी काढून ठेवलेली.

"आजी, खाल्लं नाहीस?"

"वाट बगत हुते."

"अगं, दूध-बिस्किटं तरी घ्यायचीस."

"घेतली आसती. पन माझा डबा तुज्याकडं हाय न्हवं?"

त्यांनी हे रागाने म्हटलं नव्हतं. ओंकारने पाठीवरची पिशवी न उतरवताच पातेलं गॅसवर चढवलं. त्या दिवशी त्याला आणखी एक गोष्ट कळली. आजींना फ्रिजमधलं गार खाणं सोसत नव्हतं. इतके दिवस त्या गार ओट्स तोंडात घोळवून घोळवून गिळत होत्या आणि नातवाने केलंय म्हणून बोलल्या नव्हत्या. गरम केलेलं त्यांनी भराभर संपवलं ते पाहून त्याने विचारलं, तेव्हा कुठे त्या कवळीचं आणि हिरडीच्या कळांचं बोलल्या. त्यानंतर तो रात्री भिजवायचा आणि क्लासला निघण्याआधी तीन मिनिटं दुधात शिजवून, खजूर कुस्करून, झाकून ठेवायचा. बारावीच्या पोराने पाच मिनिटं आधी उठणं ही काही लहानसहान गोष्ट नाही.

खरी परीक्षा विलासची होती.

पहिल्या रात्री तो फ्रिज उघडून उभा राहिला. ओट्स मोजले, दूध ओतलं. मग त्याचा हात थांबला.

"सुषमा, तुला यात काय घालू? केळं की सफरचंद?"

"काहीही चालेल."

"काहीही म्हणजे?"

"असेल ते घाला हो. मला सगळं चालतं."

लग्नाला एकोणीस वर्षं झाली होती. पगार किती, रजा किती, तिच्या चपलेचा नंबर काय, सगळं त्याला ठाऊक होतं. पण सकाळी उठल्यावर हिला काय खावंसं वाटतं ते माहीत नव्हतं. त्याने तिला पोटभर नाश्ता करताना कधी पाहिलंच नव्हतं. मग त्याने स्वतःला आवडतं ते सगळं तिच्या बरणीत घातलं. केळं, मध, मनुका, वर चॉकलेटची पूड. बरणी तिच्या पिशवीत स्वतःच्या हाताने ठेवली, म्हणजे मागे राहायला नको.

संध्याकाळी बरणी रिकामी परत आली. "छान होतं," सुषमा म्हणाली. दुसऱ्या दिवशी रिकामी. तिसऱ्या दिवशीही. विलास मनोमन सुखावला. चौथ्या दिवशी आजींनी बरणी धुताना विचारलं, "हे खातंय कोन?"

सुषमा हसली, मग गप्प झाली. दोन चमचे ती खायची. पुढे घशाखाली उतरत नसे, फार गोड. वॉर्डातल्या आयामावशी कल्याणच्या पुढून यायच्या, त्याही उपाशीच. बरणी त्यांना द्यायची.

"मग सांगायचं नाही का?" विलास दुखावला होता.

"तुम्ही एवढं करता... आणि फुकट जात नव्हतं ना काही."

"मी तुझ्यासाठी करतोय."

"अहो, मला खरंच नाही ठाऊक मला काय आवडतं सकाळी." हे बोलताना तिलाच आश्चर्य वाटल्यासारखं झालं. "उरेल ते खायची सवय. कधी विचारच नाही केला."

'काहीही चालेल' म्हणणाऱ्या माणसाचं आपण कौतुक करतो, समजूतदार म्हणतो. मला ते शब्द ऐकले की आता धास्ती वाटते. वर्षानुवर्षं ज्याला कुणी विचारलं नाही, ते माणूस एक दिवस स्वतःलाही विचारायचं सोडून देतं, आणि घर त्याला स्वभाव समजतं.

विलासने पुढे जे केलं ते सुषमालाही पुष्कळ दिवस ठाऊक नव्हतं. जेवणाच्या सुट्टीत कारखान्याच्या आवारात आंब्याखाली उभं राहून त्याने संगमेश्वरला सासूबाईंना फोन लावला. जावयाचा भरदुपारी फोन म्हटल्यावर त्या आधी घाबरल्या.

"सगळं बरं आहे ना, विलासराव?"

"बरं आहे, आई. एक विचारायचं होतं. सुषमा लहान असताना सकाळी काय खायची?"

पलीकडे थोडा वेळ काहीच आवाज आला नाही.

"काय म्हणालात?"

त्याने पुन्हा विचारलं.

"पेज," त्या म्हणाल्या. "उकड्या तांदळाची. आमच्याकडे सगळेच खायचे. पण हिला नुसती नाही चालायची. हिला आंबट पाहिजे. खारातली कैरी नाहीतर लिंबाचं लोणचं, आणि वरून ताक ओतायची. जिऱ्याची फोडणी दिली तर दोन वाट्या खायची. गोडाचं तिला कधीच नव्हतं हो. वाढदिवसाला शिरा केला तरी चमचाभर खाऊन उठायची." आणि मग त्या तिच्या शाळेचं, पावसात ओहोळ ओलांडून जायचं, काय काय सांगत राहिल्या. जेवणाची सुट्टी संपल्याचा भोंगा झाला तरी विलासने फोन ठेवला नाही.

त्या रात्री त्याने दुधाची पिशवी बाजूला सारली. दही घुसळून दाटसर ताक केलं, त्यात ओट्स भिजवले, मीठ आणि किसलेलं आलं घातलं. छोट्या कढल्यात चमचाभर तेलावर जिरं, हिंग, कढीपत्ता आणि एक सुकी मिरची तडतडवली. फोडणी पूर्ण गार होईपर्यंत थांबला, कारण गरम ओतली तर ताक फाटेल असं आजींनी बजावलं होतं. मग ती ओतून झाकण लावलं. काकडीला रात्रभरात पाणी सुटतं म्हणून ती सकाळी कोचून घालायची ठरवली. एका चिमुकल्या डबीत लिंबाच्या लोणच्याच्या दोन फोडी. आजी दिवाणावरून पाहत होत्या. "आंबीलच झाली की रं ही," त्या म्हणाल्या.

सुषमाने बरणी उघडली ती वॉर्डाशेजारच्या पॅन्ट्रीत, ड्यूटीला अजून दहा मिनिटं होती तेव्हा. फोडणीचा वास आला. तिने एक घास घेतला, लोणच्याची फोड जिभेवर ठेवली. नंतर ती कुणाशी बोलली नाही. बरणीच्या कडेला लागलेलं चमच्याने खरवडून खाल्लं. आयामावशी दारातून डोकावल्या तेव्हा तिने पहिल्यांदाच म्हटलं, "मावशी, आज नाही हं उरलं."

संध्याकाळी घरी आल्यावर चपला काढताकाढता ती विलासला म्हणाली, "मीठ जरा कमी घाला. आणि आलं किसण्यापेक्षा ठेचून बरं लागेल."

विलासने मान डोलावली. एकोणीस वर्षांत तिने जेवणात स्वतःसाठी काही मागितल्याचं त्याला आठवत नव्हतं. तो उठून ओट्यावरचा खलबत्ता शोधायला गेला.

जूनच्या अखेरीस तिने पुन्हा रक्त तपासलं. हिमोग्लोबिन ११.४, साखर १०१. हिमोग्लोबिनचं श्रेय मुख्यतः लोहाच्या गोळ्यांचं, आणि चहा तासभर लांबवल्याचंही. साखरेला सकाळच्या खाण्याने हात दिला, तसा रात्री साडेदहाला मिळू लागलेल्या झोपेनेही दिला असणार. ओट्समध्ये काही जादू नाही. नाचणीची आंबील, ज्वारीच्या लाह्या, ताकातले पोहे, मोड आलेले मूग, यांतलं काहीही त्या बरणीत चाललं असतं, आणि पुढे पुढे चाललंही. श्रावणी सोमवारी आजींनी विलासच्या बरणीत भगर भरली, आणि त्याने ती निमूट खाल्ली.

जुलैमध्ये मुंबईत पाऊस कोसळला. कुर्ला आणि सायनच्या मधे रुळांवर पाणी चढलं आणि सुषमाची गाडी जागच्या जागी उभी राहिली. महिलांच्या डब्यात दाराशी पाणी आत येत होतं, फोन लागत नव्हते. सहा वाजून गेले. बायका एकमेकींना विचारत होत्या, उतरून चालत जायचं का. सुषमाने वॉर्डात निरोप जावा म्हणून दोनदा प्रयत्न केला आणि मग पिशवीतून बरणी काढली. बाहेर काढल्यापासून दोन तासांच्या आत संपवायचं, हे मॅडमचं वाक्य तिला पाठ होतं. गाडी हलेल तेव्हा हलेल. तिने खायला सुरुवात केली.

समोरच्या सीटवर कॉलेजची एक मुलगी होती, ओठ कोरडे, डोकं खिडकीला टेकलेलं. पूर्वीची सुषमा असती तर बरणी उघडण्याआधीच तिच्या हातात दिली असती. आज तिने आधी स्वतः खाल्लं, पोटाला आधार वाटेपर्यंत. मग चमचा पाण्याच्या बाटलीने धुतला आणि उरलेली अर्धी बरणी पुढे केली.

"घे. सकाळपासून काही खाल्लेलं दिसत नाहीस."

मुलीने संकोचाने एक चमचा घेतला, मग दुसरा. "काकू, काय आहे हे? मस्त आहे."

"ताकातले ओट्स. रात्री भिजवलेले."

"तुम्ही एवढ्या पहाटे निघता, वर हे सगळं करून येता?"

"मी नाही केलं. आमच्या ह्यांनी केलंय."

शेजारच्या दोघी-तिघींनी माना वळवल्या. एकजण म्हणाली, "काय सांगता! आणि तुमच्या ह्यांचं कोण करतं?"

"सासूबाई. सासूबाईंचं मुलगा करतो, मुलाचं मी."

"आणि आपापलं?"

"आपापलं कुणीच नाही करत," सुषमा म्हणाली, आणि गाडी उभीच होती म्हणून तिने त्यांना पहिल्यापासून सांगायला घेतलं. किती ओट्स, किती ताक, फोडणी गार का करायची, आणि पहिला आठवडा कसा जातो.